चालू वर्तमानकाळातली माया

माझी भाची जळगावला अकरावीत शिकते, तिथंच होस्टेलवर राहते. सुट्टी लागली की सुरत लाइनच्या गाडीनं अमळनेरला उतरते, एक-दोन दिवस माझ्याकडे राहते आणि मग पारोळ्याच्या बाजूला आमच्या गावी, आजीकडे जाते. या दिवाळीत आली तेव्हा बॅग उघडल्या उघडल्या तिनं इंग्रजीची वही काढून माझ्यासमोर ठेवली. क्लासमध्ये पत्रलेखनाचा सराव होता, विषय होता आजीला पत्र. तिनं लिहिलं होतं, ‘आय अ‍ॅम मिसिंग यू अ लॉट, मोठी माय. यू आर ऑलवेज वेकिंग मी अप अ‍ॅट फाइव्ह अँड आय अ‍ॅम ऑलवेज फाइटिंग विथ यू.’ तिन्ही क्रियापदांवर लाल रेघ. वर सुधारून लिहिलेलं, आय मिस यू, यू ऑलवेज वेक मी अप, आय ऑलवेज फाइट. आणि समासात शेरा, की भावना दाखवणाऱ्या क्रियापदांना आयएनजी लावू नये, रोजच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळ वापरावा. भाची म्हणाली, “मावशी, नियम समजला मला. पण आता हे पत्र माझं वाटत नाही.” एवढं बोलून ती फराळाचा डबा शोधायला आत निघून गेली. मी मात्र ती वही मांडीवर घेऊन बराच वेळ ओट्यावर बसले होते.

तो नियम माझ्या हाडामासात भिनलेला आहे. माझी सगळी नोकरी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात झाली, आणि त्याआधी मी स्वतः तो नियम पाठ केला होता. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आमची पिढी शाळा सोडून कधीच बाहेर पडली होती. पाचवीत एबीसीडी, सहावीत धिस इज अ कॅट आणि आठवीच्या सुमाराला काळांचा तक्ता. तक्त्याखाली एक चौकट असायची, तिच्यात आयएनजी न लावायची क्रियापदं. नो, लाइक, लव्ह, हेट, वॉन्ट, बिलाँग, बिलीव्ह. का लावायचं नाही हे कुणी सांगायचं नाही, विचारायचंही नाही. पुढं शिकवायला लागल्यावर कारण कळलं आणि ते पटलंही. पळणं, लिहिणं, भाकरी थापणं ही कामं आहेत. ती सुरू होतात, मध्यावर येतात, संपतात. माहीत असणं हे काम नाही. बोरी नदी आमच्या गावावरून जाते हे मला माहीत आहे, झोपेतही माहीत आहे, त्यासाठी मला काही करावं लागत नाही. म्हणून इंग्रज माणूस ‘आय अ‍ॅम नोइंग’ म्हणत नाही. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ही म्हणत नाही, कारण भाऊ असणं ही काही थोड्या वेळापुरती चाललेली गोष्ट नव्हे. आपल्याकडची मुलं ही वाक्यं सर्रास लिहितात आणि ती मी आजही सुधारते.

पण त्या चौकटीत न मावणारी बरीच भाषा बाहेर उरते. बर्गरच्या त्या जगप्रसिद्ध दुकानानं २००३ मध्ये आपलं नवं जाहिरातवाक्य काढलं, ‘आय’म लव्हिन इट’. जळगावच्या पोरांनीही ते टीव्हीवर पाहिलं आणि वर्गात मला विचारलं, मॅडम, लव्हला आयएनजी कसं काय? तेव्हापासून मी या गोष्टीकडे कान लावून बसले आहे. बीबीसी ऐकताना, इंग्रजी मालिका बघताना, परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचे मेसेज वाचताना. आणि दिसत गेलं ते असं, की ज्यांची ती मायबोली आहे ती माणसं हा नियम हवा तिथं सहज ओलांडतात, आणि ओलांडतात तेव्हा बहुतेक वेळा मन हललेलं असतं. ‘आय मिस यू’ ही खबर आहे. ‘आय अ‍ॅम मिसिंग यू’ म्हणताना माणूस त्या आठवणीच्या आत उभा असतो, आणि ऐकणाऱ्यालाही आत ओढतो. ‘आय हेट धिस’ हे मत झालं. ‘आय अ‍ॅम हेटिंग एव्हरी मिनिट ऑफ इट’ म्हणणाऱ्याचे तर दात ओठ खाल्लेले दिसतात.

भाचीनं ‘मिसिंग’ लिहिलं त्यात व्याकरणाची चूक नव्हतीच.

दुसरं वाक्य मला त्याहून जवळचं वाटलं. यू आर ऑलवेज वेकिंग मी अप. ऑलवेज हा शब्द साध्या वर्तमानकाळात आला की वेळापत्रक होतं. गाडी नेहमी पाचला येते, आजी नेहमी पाचला उठवते, दोन्ही सारखंच. तोच ऑलवेज, किंवा फॉरएव्हर, किंवा कॉन्स्टंटली, आयएनजीच्या सोबतीला येऊन बसला की बोलणाऱ्याचा सूर चढतो. ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज’ यात किल्ल्यांची गोष्ट थोडी आणि वैताग जास्त. इंग्रजीची मोठी व्याकरणं हा वापर नोंदवतात, तक्रारीचा म्हणून. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तेच रूप कौतुकालाही चालतं. ‘शी इज ऑलवेज गिव्हिंग थिंग्ज अवे’ हे कुणी कपाळाला आठ्या घालून म्हणेल, कुणी डोळे भरून म्हणेल, शब्द तेच राहतील. राग आणि माया एकाच रूपात कशी राहतात याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, ज्याच्यावर आपली नजर खिळलेली असते त्याच्याबद्दलच आपण असं बोलतो. परक्या माणसाची सवय आपण सांगतो. घरच्याची सवय आपल्याला दिसत राहते, टोचत राहते, हवीशी वाटत राहते. पहाटे पाचला गोधडी ओढून उठवणाऱ्या आजीशी रोज भांडणारी पोरगी होस्टेलवर सहाचा गजर लावून उठते, तेव्हा तिला जे वाटतं ते ‘यू ऑलवेज वेक मी अप’मध्ये बसत नाही.

आमची आई, म्हणजे भाचीची मोठी माय, हिला इंग्रजी येत नाही. पण हे सगळं तिला आमच्याहून चांगलं येतं. वडील होते तेव्हा चष्मा शोधणं हा त्यांचा रोजचा उद्योग होता. कोनाड्यात बघायचे, देव्हाऱ्यापाशी बघायचे, कापसाच्या गाठोड्यांवर चाचपायचे. आई चुलीपुढं कळण्याची भाकरी थापत असायची. ज्वारी-उडदाच्या त्या पिठाला चिकटपणा असतो, हात ओला करून करून पसरावी लागते, तव्यावर टाकताना मोडू द्यायची नाही. तिची नजर भाकरीवरून हलायची नाही आणि तोंडातून निघायचं, “काय लावलंय मघापासून?” मग थोड्या वेळानं, “चाललंय आपलं शोधत.” आणि भाकरी शेकून झाली, की उठून, पदराला हात पुसत, कुठून तरी तो चष्मा काढून त्यांच्या हातावर ठेवायची. काय लावलंय, हा प्रश्न नसतो. मूल लोणच्याच्या बरणीत हात घालतं तेव्हा आपण ‘काय करतोयस?’ म्हणतो, तेही विचारणं नव्हे, समोर दिसतंच आहे काय चाललंय ते. मराठीत रागलोभ दाखवायला असे साथीला घेतलेले धातू आहेत. रडते आहे म्हटलं तर नुसती माहिती, रडत बसली आहे म्हटलं की बोलणाऱ्याची नाराजी आली. बोलत सुटलाय, मागे लागलाय, मागून मागून घेतो, देऊन टाकते. बसणं, सुटणं, लागणं, टाकणं, एकेका धातूबरोबर मनाची वेगळी तऱ्हा येते. इंग्रजीकडे ही साथसंगत फारशी नाही. म्हणून तिनं एकाच आयएनजीवर ऑलवेज लादून, आवाज चढवून, तेवढ्यात निभावून घेतलंय. एकदा हे ध्यानात आलं आणि मग मी वर्गात तक्त्याआधी ‘काय लावलंय’पासून सुरुवात करू लागले. मुलं हसायची, घरातली वाक्यं सांगायची, आणि ऑलवेजचा तो वापर पुन्हा समजावून द्यावा लागायचा नाही.

आमच्या खानदेशच्या बोलीत, अहिराणीत, तर हे आणखी रुजलेलं आहे. आमच्याकडं चालू काळ राहण्यातूनच होतो. काय करी राह्यना? पानी पडी राह्यना. माले तुनी याद यी राह्यनी. हिंदीत ‘कर रहा है’, शेजारच्या गुजरातीत ‘करी रह्यो छे’, आणि मध्ये आम्ही. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, ज्यात आहे तो भाग १९०७ मध्ये निघाला. त्यानं खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली बोलींसोबत, गुजरातीच्या बाजूला बसवलं. त्यावर भाषेचे अभ्यासक पुढंही वाद घालत आले. मी त्या वादात शिरत नाही. पण गाडीत नंदुरबारकडून येणारी बाई ‘गाडी यी राह्यनी’ म्हणते तेव्हा ती गुजरातीला आणि आम्हाला दोघांनाही आपली वाटते, एवढं मी रोजच्या प्रवासात ऐकलं आहे. याद येते, हे सांगून मोकळं होता येतं. याद यी राह्यनी, म्हणजे ती आली आणि इथंच राहिली, उठायचं नाव नाही.

आई रोज संध्याकाळी भाचीला फोन लावते. कशी आहेस, बरी आहेस का, असलं ती विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, “काय करी राह्यनी व माय?” पोरगी म्हणते, काही नाही, बसलेय. तेवढ्यानं तिचं समाधान होत नाही, कुठं बसली, कुणाबरोबर, पुढ्यात काय आहे, पंखा चालू आहे का. जळगावचा मे महिना तिला माहीत आहे, पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा होस्टेलच्या पत्र्याखाली काय होतं हेही ती जाणून आहे. तिला पोरीची तब्येत कळवून घ्यायची नसते. पोरगी या घडीला जिथं बसली आहे तिथं तिला जाऊन बसायचं असतं. मला हे फोन फार आवडतात. एखाद्या दिवशी मी तिथं असले तर मुद्दाम भाजी निवडायला जवळ घेऊन बसते आणि ऐकते.

शिक्षिका म्हणून मला या रूपाचा सर्वांत जास्त उपयोग झाला तो वेगळ्याच ठिकाणी. इंग्रजीत ‘यू आर स्टबर्न’ म्हणजे तू हट्टी आहेस, स्वभावानं, कायमचा. ‘यू आर बीइंग स्टबर्न’ म्हणजे आत्ता, या बाबतीत, तू हट्ट धरला आहेस. मधला तो बीइंग माणसाला त्याच्या वागण्यापासून बाजूला काढतो. आमच्या भागात पालकसभेला बाप येतो, शेतातून थेट, पायाला काळी माती, आणि पोराच्या समोरच म्हणतो, “हा ढ आहे, मॅडम. कामचुकार आहे.” पोरगा खाली बघत उभा. असे कितीतरी पोरगे मी पाहिले, ज्यांनी तो ‘आहे’ ऐकून ऐकून खरा मानला. मी त्या बापांना इंग्रजी कशाला शिकवू? पण बोलताना मी स्वतः ठरवून रूप बदलायची. “हा या वर्षी टाळाटाळ करतोय, दादा. आधी करत नव्हता.” बाप जरा थांबायचा. कधी म्हणायचा, “हो, गेल्या पोळ्यापासूनच.” आणि मग गोष्ट निघायची. बैल विकावे लागले होते, किंवा कपाशीवर बोंडअळी पडली होती, किंवा मोठा भाऊ सुरतेला कामाला गेला होता आणि याच्यावर पाणी भरायचं काम आलं होतं. ‘आहे’ म्हटलं असतं तर यातलं काही बाहेर आलं नसतं. भांडणात, घरात, नवरा-बायकोत, सासू-सुनेत हा एवढा फरक सांभाळला गेला तर किती बोलणी तुटायची वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

हेच रूप विनंतीला मऊपणा आणतं. ‘आय होप यू विल हेल्प’मध्ये अपेक्षा ठाम आहे. ‘आय अ‍ॅम होपिंग यू कॅन हेल्प’ म्हणताना आशा अजून मनातच घुटमळते आहे, समोरच्यानं नाही म्हटलं तर तिला परत फिरायला वाट आहे. ‘आय वॉज वंडरिंग’ तर आणखी दोन पावलं मागं जातं. नोकरीचे अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे मुलं यायची, त्यांना हे मी शिकवलं. आणि याच्या अगदी उलट टोकाला, ठाम नकारालाही हेच रूप येतं. ‘आय अ‍ॅम नॉट गोइंग!’ पाय आपटून. ‘यू आर नॉट गोइंग आउट लाइक दॅट!’ आई दारात आडवी. इथं मराठीला हेवा वाटावा असं काही नाही, आपलं ‘मी नाही जात, जा!’ तेवढंच करकरीत आहे.

ज्या रूपाला आज आपण चौकटीत बसवतो, ते स्वतः इंग्रजीत किती धडपडून आलं आहे हेही मुलांना सांगावं. अठराव्या शतकात घर बांधलं जात आहे म्हणायला ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. त्या शतकाच्या अखेरीला ‘इज बीइंग बिल्ट’ डोकावू लागलं, आणि एकोणिसाव्या शतकात भाषेच्या जाणकारांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. बेढब आहे, अनावश्यक आहे, अशुद्ध आहे. आज ते शाळेच्या पुस्तकात कर्मणी प्रयोगाच्या पानावर निमूट बसलं आहे आणि जुनं रूप कुणाच्या कानावरही पडत नाही. बोलणाऱ्यांना गरज होती, त्यांनी रूप घडवलं, व्याकरण मागून आलं. त्याच गरजेनं आज लव्ह, हेट, मिस या क्रियापदांना आयएनजी लागतं आहे, आणि ते लावणारी माणसं लंडनमध्येही आहेत, जळगावच्या होस्टेलवरही.

परीक्षेचं वेगळं. पेपर तपासणारा वाकडा असेल तर गुण जातात, आणि शेतकऱ्याच्या पोरीला एकेक गुण महाग असतो. भाचीला मी सांगितलं, परीक्षेत लव्ह-हेटपासून लांब राहा, ‘मिस’ साधंच लिही. पण ऑलवेज वेकिंग सोडू नकोस, त्याला व्याकरणाचा पाठिंबा आहे, आणि सरांना ते नीट दाखव.

या सगळ्यात एक कोडं शिल्लक राहतं, ते मला एका विद्यार्थ्यानं घातलं होतं. चोपड्याकडचा, मागच्या बाकावरचा. जाहिरातवाक्यावरून चर्चा चालली होती आणि त्यानं विचारलं, मॅडम, बर्गरला लव्हिंग चालतं तर माणसाला का नाही? ‘आय अ‍ॅम लव्हिंग यू’ कुणीच का म्हणत नाही? वर्ग हसला. तो हसला नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी लगेच उत्तर न देता प्रश्न वर्गापुढं ठेवला. मुली आधी बोलायला तयार होईनात. मग एकीनं, गिरणाकाठच्या गावातून एसटीनं येणारी ती, मान वर न करता सांगितलं, “मॅडम, बर्गर संपणार असतो. म्हणून चालतं.” मला त्याहून चांगलं उत्तर आजवर सापडलेलं नाही. चालू असण्यात थांबणंही धरलेलं असतं. पाऊस पडी राह्यना, म्हणजे तो उघडेलही. आठवण, राग, हट्ट, वैताग, या गोष्टी ओसराव्यात अशीच आपली इच्छा असते, म्हणून त्या चालू काळात शोभतात. सुट्टीतले दिवस, गाणं, जेवण, यांची गोडी संपणार म्हणूनच वाढते, तिथंही शोभतात. आणि ज्याला शेवट नको आहे, ते माणूस साध्या वर्तमानकाळात बोलतो, बोरी नदी गावावरून जाते त्या सुरात.

मराठीतही बघा. भरीत खाताना कुणी म्हणेल, काय आवडतंय हे मला आज! कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल, म्हणणारच. पण आईला कुणी ‘तू मला आवडते आहेस’ म्हणत नाही. मुळात आमच्या घरात आवडण्याची भाषा माणसांसाठी वापरलीच गेली नाही. वडिलांनी आईला उभ्या जन्मात असं काही म्हटलं असेल असं मला वाटत नाही, आणि तिनंही म्हटलं नसेल. तिच्याकडं त्यांच्यासाठी होतं ते ‘काय लावलंय मघापासून’ आणि ‘चाललंय आपलं शोधत’. ते गेल्यावर ती त्यांच्याबद्दल बोलते तेव्हा भूतकाळ क्वचितच वापरते. “तुझे वडील चष्मा कुठं ठेवतील याचा नेम नसतो,” असं ती अजूनही म्हणते. आम्ही बहिणींनी तिचं हे वाक्य कधीही दुरुस्त केलेलं नाही.